समलैंगिकता आणि कॅथलिक धर्मगुरुपदाची पात्रता

धर्मगुरुपदाच्या उमेदवाराची पारख सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडविणाऱ्या विद्यालयात, होते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक खात्याने नोव्हेंबर २००५ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार समलैंगिक आचरण करणारे, खोलवर रुजलेला समलैंगिक कल असणारे किंवा समलैंगिक संस्कृतीचे समर्थक यांना तेथे प्रवेश नाही. कल तात्पुरता असल्यास डीकन या आधीच्या दीक्षेपूर्वी किमान ३ वर्षे तो ओसरलेला असावा लागतो. ब्रह्मचर्य लॅटिन परंपरेत सर्वसाधारणपणे सर्वच धर्मगुरूंना बंधनकारक असताना केवळ कलावरून अपात्र ठरविणे अन्याय्य आहे, शिवाय कलाची खोली ठरविण्याचा काटेकोर निकष निर्देशात नसल्याने मनातले प्रामाणिकपणे सांगणाराच वगळला जाण्याचा धोका राहतो. तरीही डिसेंबर २०१६ च्या धर्मगुरुप्रशिक्षणविषयक दस्तऐवजात हाच नियम कायम ठेवण्यात आला.