माल आला नाही, तरी हप्ता भरा: कार्डधारकाच्या एका हक्काचा इतिहास

१/
१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका गृहस्थाने जाहिरात पाहून संगीताच्या रेकॉर्डचे १४० अल्बम विकत घेण्याचा करार केला. किंमत ६९८ डॉलर. सोबत वेगळे मूल्य न आकारता रेकॉर्ड-प्लेअर. अल्बम मिळाले केवळ १२. विक्रेती कंपनी बुडाली, पैशांची मागणी मात्र थांबली नाही.

न मिळालेल्या वस्तूचे वा सेवेचे देणे नाकारण्याचा हक्क आज क्रेडिट कार्डधारकाला आहे. तो मिळणे इतके अवघड का होते, हे या खटल्यावरून समजते. धागा.

२/
कराराच्या अटी पाहण्याजोग्या आहेत. व्याजाच्या स्वरूपाचा आकार धरून ८१९ डॉलर ७२ सेंट इतकी रक्कम ३६ मासिक हप्त्यांत फेडायची होती. अल्बम मात्र सुरुवातीला १२ आणि पुढे दर सहा महिन्यांनी १२, असे यायचे होते. म्हणजे पैसे तीन वर्षांत पूर्ण, आणि माल पूर्ण व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ.

३/
ग्राहकाने सही केलेली वचनचिठ्ठी विक्रेत्याने ‘युनिको’ नावाच्या वित्तसंस्थेला विकली. १२ हप्ते भरल्यानंतर, माल येत नाही हे पाहून ग्राहकाने पैसे थांबवले. उरलेल्या २४ हप्त्यांच्या ५४६ डॉलर ४८ सेंटसाठी युनिकोने दावा लावला. माल न मिळणे हे ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील भांडण आहे, चिठ्ठीचा धारक त्याला बांधील नाही, असा तिचा पवित्रा होता.

४/
या पवित्र्यामागे दोन शतकांचा कायदा उभा होता. ११ डिसेंबर १७५६ रोजी इंग्लंडमध्ये टपाल लुटले गेले. त्यात बँक ऑफ इंग्लंडची २१ पौंड १० शिलिंगांची नोट होती. दुसऱ्याच दिवशी ती मिलर नावाच्या खाणावळवाल्याकडे आली. त्याने तिचा पूर्ण मोबदला दिला होता आणि चोरीची त्याला कल्पना नव्हती. नोट मूळ मालकाची की मिलरची?

५/
‘मिलर विरुद्ध रेस’ या खटल्यात १७५८ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी मिलरच्या बाजूने कौल दिला. नोट ही चलनासारखी आहे. ती घेणाऱ्या प्रत्येकाने तिचा पूर्वेतिहास तपासत बसावे, तर व्यापारच ठप्प होईल. यातूनच पुढे ‘होल्डर इन ड्यू कोर्स’ हे तत्त्व दृढ झाले: प्रामाणिकपणे, मोल देऊन कागद घेणाऱ्याला त्या कागदामागच्या जुन्या तक्रारी चिकटत नाहीत. भारतात १८८१च्या पराक्राम्य संलेख अधिनियमानेही हे तत्त्व स्वीकारले.

६/
कागद आणि माल यांचे नाते तोडणे हाच व्यापाराचा एकमेव मार्ग होता, असे मात्र नाही. भारतीय हुंडीच्या परंपरेत ‘जोखमी हुंडी’ हा प्रकार होता. जहाजावर चढवलेल्या मालावर ती काढली जाई. माल सुखरूप पोहोचला, तरच तिचे पैसे द्यायचे. जहाज बुडाले, तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचे. १८८१च्या कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना, काही मर्यादांसह, मोकळीक ठेवली.

७/
मॅन्सफिल्ड यांचा नियम व्यापाऱ्यांच्या जगात उपयुक्त होता. विसाव्या शतकात हप्त्याच्या खरेदीबरोबर तो सामान्य माणसाच्या घरात शिरला, तेव्हा त्याचा अर्थ पालटला. विक्रेत्याने चिठ्ठी विकून रोकड घ्यायची, वित्तसंस्थेने ‘आम्ही अनभिज्ञ’ म्हणायचे, आणि माल आला नाही तरी ग्राहकाने हप्ते भरत राहायचे.

८/
१९६७ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही साखळी तोडली. त्या विक्रेत्याला वित्तपुरवठा करण्यासाठीच युनिको स्थापन झाली होती, आणि विक्रेत्याच्या व्यवहारावर तिचे नियंत्रण होते. अशा संस्थेला व्यवहाराशी संबंध नसलेला त्रयस्थ मानता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. मिलरला चोरीची वार्ता नव्हती. युनिको मात्र धंद्यातच सामील होती.

९/
तोवर क्रेडिट कार्ड आले होते. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे सुमारे ६०,००० कार्डे लोकांनी न मागताच टपालाने पाठवली. येथे वचनचिठ्ठी नव्हती, पण रचना तीच होती. दुकानदाराचे पैसे बँक चुकते करी आणि ग्राहक बँकेचा ऋणको होई. दुकानदाराविषयीची तक्रार बँकेपुढे चालणार नाही, अशी कलमेही कार्डाच्या करारांत असत.

१०/
सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी पुढाकार घेतलेला ‘फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट’ १९७४ साली संमत झाला आणि चित्र बदलले. करारानुसार न मिळालेली वस्तू वा सेवा ही ‘बिलातील चूक’ ठरली. बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार पोहोचली, तर बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलचक्रांत, कमाल ९० दिवसांत, निकाल लावायचा. तोवर वादातील रकमेसाठी ग्राहकाला थकबाकीदार ठरवता येत नाही.

११/
ब्रिटनने त्याच वर्षी याहून पुढचे पाऊल टाकले. क्राउदर समितीने १९७१च्या अहवालात म्हटले होते की पतपुरवठादार आणि विक्रेता हे एका अर्थी भागीदारच असतात. त्यावर आधारलेल्या १९७४च्या कायद्यातील कलम ७५ने विक्रेत्याच्या करारभंगाबद्दल वा खोट्या कथनाबद्दल कार्ड देणाऱ्या बँकेलाही तितकेच जबाबदार धरले. आज १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीला ते लागू आहे.

१२/
व्यवहारात यासाठी ‘चार्जबॅक’ची वाट आहे. ग्राहकाची बँक ती रक्कम दुकानदाराच्या बँकेकडून परत घेते, आणि ती बँक दुकानदाराकडून. दुकानदार बुडाला, तर तोटा सामान्यतः त्याच्या बँकेच्या माथी येतो. म्हणूनच आगाऊ पैसे घेणाऱ्या विमान कंपन्यांना सेवा देताना बँका सावध असतात.

भारतात कलम ७५सारखी वैधानिक तरतूद नाही. येथे आधार आहे कार्ड-जाळ्यांच्या नियमांचा आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा. या निर्देशांनुसार बिलावर हरकत घेतल्यास बँकेने ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण द्यावे लागते, आणि लागू असेल तेथे कागदोपत्री पुरावाही.

१३/
या साऱ्या इतिहासात प्रश्न एकच होता: वचन मोडले, तर तोटा कोणी सोसायचा? विक्रेत्याला पारखण्याची, त्याच्याशी अटी ठरवण्याची आणि जोखमीचे मोल लावण्याची ताकद बँकेकडे असते. एकट्या ग्राहकाकडे ती नसते. जोखमी हुंडी घेणारा ही जोखीम जाणून पत्करत असे. १९६७ आणि १९७४ने तीच जबाबदारी व्यवहारातून नफा मिळवणाऱ्या पतपुरवठादारावर आणली.

न्यू जर्सीच्या त्या ग्राहकाला उरलेले १२८ अल्बम कधीच मिळाले नाहीत. पण ते ५४६ डॉलर ४८ सेंटही त्याला भरावे लागले नाहीत.

(समाप्त)