‘उनराट’ ते ‘गुरुजी’ : एका शाळामास्तराचा प्रवास

१/ व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) अस्सल मराठी मातीतला वाटतो. पण त्याचे कथाबीज जर्मन आहे. हाइनरिश मान यांची ‘प्रोफेसर उनराट’ ही कादंबरी १९०५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक हायस्कूलमधला शिक्षक आहे.

२/ त्याचे आडनाव राट. विद्यार्थी त्याला ‘उनराट’, म्हणजे घाण, म्हणून चिडवतात. त्यांना रंगेहाथ पकडण्यासाठी तो एका गायिकेपर्यंत पोहोचतो आणि स्वतःच तिच्यात गुंततो. नोकरी गेल्यावर तिच्याच साथीने तो शहरातल्या प्रतिष्ठितांना जुगाराच्या नादी लावतो. कादंबरीचे उपशीर्षक होते ‘एका जुलमी माणसाचा अंत’. मान यांचा रोख कैसरकालीन शाळेच्या हुकूमशाहीवर होता.

३/ १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या चित्रपटात हा सूड वगळला गेला. तिथला शिक्षक विदूषक बनतो आणि अखेर आपल्या जुन्या वर्गात प्राण सोडतो. तीन वर्षांनी नाझींनी मान यांची पुस्तके जाळली.

४/ महाराष्ट्रात मात्र शिक्षकाची प्रतिमा वेगळी घडली होती. देवळी ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि ‘नई तालीम’चा आराखडा पुढे आला. खेड्यातला शिक्षक हा समाज घडवणारा, ही कल्पना पुढच्या पिढ्यांच्या परिचयाची झाली.

५/ ‘पिंजरा’तले गुरुजी (डॉ. श्रीराम लागू) याच कल्पनेतले आहेत. ते तमाशाला विरोध करतात आणि चंद्रकलेच्या (संध्या) मोहात पडतात. पुढे एका खुनानंतर गुरुजीच मारले गेले, असा गावाचा समज होतो. त्या ‘गुरुजींच्या’ खुनाचा आरोप खुद्द त्यांच्यावरच येतो. गावाची श्रद्धा ढळू नये म्हणून ते खरी ओळख न सांगता शिक्षा स्वीकारतात.

६/ या रूपांतरात दोषाची जागा बदलली. मान यांनी शाळेला आरोपी केले होते. ‘पिंजरा’त शाळा पवित्र राहिली आणि मोहाचे खापर तमाशाच्या फडावर फुटले. चंद्रकलेला प्रेम आणि पश्चात्ताप दोन्ही लाभले, तरी पुतळ्याचा मान गुरुजींच्याच वाट्याला आला. अभिजात कृती नव्या शाळेत नेताना पात्रांची नावे आणि पोशाख बदलणे सोपे असते. मूळ लेखकाने ज्याला जाब विचारला, त्याला नव्या कथेत कोणी वाचवले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने आधी पाहावे.