देवनिंदेचा कायदा आणि नास्तिकाची लेखणी

ईश्वर नाही असे म्हणणाऱ्यास ज्या देशातील शास्त्रकारांनी पूर्वपक्षाचे आसन दिले, त्या देशात देवनिंदेच्या कायद्याची चर्चा करावी लागावी, ही गोष्ट वरवर पाहता विपरीत वाटेल. वेदांचा कट्टर अभिमानी असा कुमारिल भट्ट, पण जगत्कर्त्याची कल्पना त्याने तर्कानेच खोडून काढली. पुढे उदयनाचार्यांनी ईश्वराची बाजू घेतली ती ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ लिहून, राजदंडाचा आश्रय करून नव्हे. तथापि पूर्वकाळ सर्वस्वी उदार होता असेही म्हणवत नाही. कारण चार्वाकाची मते आज आपणांस बहुतांशी त्याच्या प्रतिपक्षीयांच्या लेखांतूनच वाचावी लागतात.

युरोपखंडातील रीत निराळी होती. एडिंबरो येथे १६९७ साली टॉमस एकेनहेड या तरुण विद्यार्थ्यास देवनिंदेबद्दल फाशी देण्यात आले. जॉर्ज जेकब होलिओक यास १८४२ साली एका व्याख्यानातील उत्तराबद्दल सहा महिने तुरुंगात काढावे लागले. आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, धर्मन्यायासन नांदत होते आणि श्रद्धेविरुद्ध गेलेल्या शब्दाचा जाब ते विचारीत असे. या सर्व ठिकाणी कायद्याचे गृहीतकृत्य एकच होते: राज्याचा एक धर्म आहे, त्या धर्माचा देव हाच खरा, आणि त्याची अप्रतिष्ठा म्हणजे राज्याची अप्रतिष्ठा.

मेकॉलेने १८३७ साली हिंदुस्थानच्या दंडविधानाचा मसुदा सादर केला, तेव्हा हे गृहीतकृत्य त्यास उपयोगी पडण्यासारखे नव्हते. जेथे एकाचा देव तो दुसऱ्याची मूर्ती, तेथे खरा देव कोणता हे ठरविण्याचे काम न्यायाधीशावर कसे सोपवावे? १८६० साली जे दंडविधान मंजूर झाले, त्याच्या पंधराव्या प्रकरणात म्हणूनच ईश्वराच्या रक्षणाची भाषा नाही. पूजास्थानाची विटंबना, धर्मकृत्यात व्यत्यय आणि जाणूनबुजून दुखविलेले मन, एवढ्यांचाच तेथे विचार आहे. देवाचा अपमान हा गुन्हा न राहता माणसाच्या भावनेचा अपमान हा गुन्हा झाला. हा फरक मोठाच. परंतु त्यातच पुढील सर्व वादांचे बीज आहे. देव रागावला की नाही हे कोणासच कळत नाही. भक्त रागावला आहे हे मात्र तो स्वतः मोठ्याने सांगू शकतो!

महाराष्ट्रातील अविश्वासी लेखकांचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. आगरकर अज्ञेयवादी होते. १८८८ साली निघालेल्या ‘सुधारका’तून त्यांनी देवधर्मविषयक रूढ समजुतींवर जे लिहिले, तितके निर्भीडपणे त्यापूर्वी मराठीत फारच थोडे लिहिले गेले होते. आगरकरांनी तुरुंग पाहिला हे खरे. पण तो १८८२ साली, आणि कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीबद्दल. दिवाणाविषयी लिहिले म्हणून १०१ दिवस कारावास घडला. देवाविषयी लिहिले त्याबद्दल सरकारने एक दिवसही दिला नाही. ती उणीव समाजाने भरून काढली. पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा निघाली.

समाजाच्या या न्यायासनापुढे आस्तिकही सुटत नसे. गोदाकाठचे सायखेडे ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच निफाडास १८४२ साली महादेव गोविंद रानडे जन्मले. ते निष्ठावंत एकेश्वरवादी होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाच्या प्रकरणात याच रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. जेथे पेलाभर चहास प्रायश्चित्त पडते, तेथे छापील देवनिंदेस दंडविधानाची वाट पाहण्याचे कारण काय?

नवे कलम आले ते लाहोरच्या एका प्रकरणातून. पैगंबरांवर हीन टीका करणारे एक पुस्तक १९२४ साली तेथे प्रसिद्ध झाले. प्रकाशक राजपाल यांस खालच्या कोर्टात शिक्षा झाली. परंतु मे १९२७ मध्ये न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी, प्रचलित कलमात हा गुन्हा बसत नाही, म्हणून त्यांस सोडले. देशभर क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी २९५-अ हे कलम मंजूर झाले. त्या चर्चेत जिनांनी सत्यशोधक व प्रामाणिक धर्मचिकित्सेला संरक्षण असले पाहिजे असा आग्रह धरला होता. ‘बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने’ हे शब्द कलमात आहेत, आणि चिकित्सकाची सारी भिस्त त्या शब्दांवरच आहे. राजपाल यांस मात्र कायद्याने शांती लाभली नाही. १९२९ साली त्यांचा खून झाला.

या शब्दांची कसोटी मुंबईत लवकरच लागली. ‘रीझन’ या बुद्धिवादी मासिकाचे संपादक डॉ. डी’अव्हॉइन यांजवर धर्म आणि नीती यांविषयीच्या लेखाबद्दल १९३३ साली याच कलमाखाली खटला झाला, आणि १९३४ साली ते निर्दोष सुटले. उलट, उघड नास्तिक असलेल्या र. धों. कर्व्यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनाबद्दल दोनदा दंड झाला तो अश्लीलतेच्या आरोपावरून. दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आगरकर आणि कर्वे, दोघेही कोर्टाची पायरी चढले, पण देवाच्या फिर्यादीवरून एकही नाही!

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली २९५-अ हे कलम घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला. १९६१ साली शिक्षेची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षांवर गेली. आणि जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने वावरत आहे. इंग्लंडने देवनिंदेचा आपला जुना गुन्हा २००८ साली रद्द केला. इकडे ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. देव वा धर्म यांस आपल्या चळवळीचा विरोध नाही, फसवणुकीस आहे, असे ते वारंवार सांगत. तेव्हा कलम कडक असल्याने मारेकरी थांबतात, हा समज इतिहासास धरून नाही. जो खून करावयास निघाला, तो कलमाचा क्रमांक विचारीत नाही.

यावरून निंदा आणि चिकित्सा यांत भेदच नाही असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्याच्या पूज्य व्यक्तीवर चिखल उडविणे म्हणजे बुद्धिवाद नव्हे. पण भेद पाहावयाचा तो लेखकाच्या हेतूत व प्रमाणांत. वाचकाच्या संतापाचे माप लावले, तर जो अधिक आरडाओरडा करील त्याचाच धर्म अधिक पवित्र ठरेल. सायखेडे-चांदोरीजवळ गोदेच्या पात्रात जुनी देवळे आहेत. पाणी चढले की ती बुडतात, ओसरले की पुन्हा दिसू लागतात. त्यांच्या दगडांनी कधी नदीविरुद्ध फिर्याद केली नाही. श्रद्धेच्या पायाचा दगड तसा असेल, तर एका निबंधाने तो हलण्याची भीती कशास बाळगावी? नास्तिकास उत्तर देणे अवघड वाटत असेल, तर उदयनाचार्यांचा मार्ग अद्यापि मोकळाच आहे.