घराशेजारचा बोळ

सोलापुरातल्या आमच्या घराची भिंत आणि शेजारच्या घराची भिंत यांच्यामध्ये साडेतीन फुटांचा बोळ आहे. लहानपणी तिथे मुरूम होता आणि कडेनं दगडी नाली. पागोळ्यांचं पाणी काही मुरायचं, उरलेलं रस्त्याकडे जायचं. पंधरा वर्षांपूर्वी मी हौसेनं सगळ्या बोळात कोबा करून घेतला. खर्च कमी आणि चिखल कायमचा गेला, म्हणून खूश होतो. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शेजारच्या जोत्याला भिडलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ओल चढली. वहिनी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाईसाहेब, तुमचं पाणी आमच्याकडे आलंय."

त्या वाक्यानं मला इतिहासाच्या पुस्तकांकडे नेलं. पाण्यावर माझं नाव कधी लिहिलं गेलं होतं? आणि माणसानं या अरुंद जागेचं आजवर काय केलं?

आज पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात असलेलं मोहेंजोदडो १९२२ साली उत्खननातून पुढे येऊ लागलं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या शहरात न्हाणीची जमीन भाजक्या विटांची होती, घट्ट बसवलेली आणि एका कोपऱ्याकडे किंचित उतरती. तिथून पाणी भिंतीबाहेर पडे ते बोळातल्या विटांच्या नालीत. नालीवर विटांचं किंवा दगडाचं झाकण असे, मध्ये मध्ये गाळ बसायला खड्डे असत. नाली नव्हती तिथे भिंतीबाहेर बुडाला भोक असलेले रांजण ठेवलेले सापडले. उतार, झाकण, गाळाचा खड्डा आणि मुरण्याची सोय. या चार गोष्टींपुढे आपण फार गेलेलो नाही.

आता मुंबईकडे येऊ. तिथे दोन चाळींमधल्या अशा पट्टीला 'हाऊस गल्ली' म्हणतात. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तिची व्याख्याच आहे. सांडपाण्याच्या नालीसाठी, किंवा शौचकूप साफ करणाऱ्यांना आत जाता यावं म्हणून ठेवलेली जागा, असा तिचा अर्थ. म्हणजे हा बोळ पाण्यासाठी होता, तसाच एका माणसासाठीही होता. घरातल्या कुणाला तो दिसू नये, म्हणून त्याची वाट मागून.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष या कोंदट गल्ल्यांकडे वळलं आणि १८९८ मध्ये मुंबईत सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालं. रस्ते रुंद झाले, वस्त्या पाडल्या गेल्या. गल्लीत उतरणारा माणूस मात्र तोच राहिला.

त्याला कायद्यानं दिलेलं नाव होतं 'हलालखोर'. पालिकेचा एक करसुद्धा याच नावाचा होता. शब्द आमच्या घरातला, म्हणून मला तो जास्त टोचतो. हलालखोर म्हणजे कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा. झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबरानं रूढ केलं, असं अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त लिहितो. नाव मोठ्या इज्जतीचं, पण काम तेच. आमच्याही बोळातून एक बाई टोपली घेऊन यायच्या. दादी त्यांना भाकरी द्यायची, पण वरून टाकून. मैला डोक्यावरून वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा देशात आला तो १९९३ मध्ये, आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये.

फरसबंदीचं स्वस्त साधन आमच्या भागात आलं ते जवळूनच. १८७१ मध्ये लोहमार्ग सोलापूरहून रायचूरपर्यंत पोचला. त्याच वाटेवर शहाबाद आहे. तिथला चुनखडीचा दगड थराथरानं निघतो. फार तासावा लागत नाही, म्हणून तो परवडतो. शहाबादी फरशी आमच्याकडे वाड्यात, मशिदीत, देवळात, न्हाणीत, सगळीकडे दिसते. मग सिमेंट आलं, आणि पाण्याला जमिनीत शिरायला फट उरली नाही.

ती फट पुन्हा शोधली ती खेड्यांनी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारं बंद झाली, आणि गाव डासमुक्त म्हणून ओळखलं जाऊ लागलं. रांजणाचीच ती गोष्ट, नव्या रूपात.

शेवटी मी कोबा फोडला. जुन्या बाजारातून शहाबादी फरशी आणली. गवंडी मिस्त्रींनी पाण्याच्या नळीनं लेव्हल घेतली. दोन्ही भिंतींकडून मध्याकडे ढाळ आणि मध्ये उथळ पन्हळ, दहा फुटांना दीड इंच उताराची. फरशी खडी-वाळूवर बसवली आणि दर्जा सिमेंटनं न भरता वाळूनंच भरल्या. पाणी मागच्या अंगणात, भिंतींपासून लांब काढलेल्या शोषखड्ड्यात सोडलं. त्याच्या तोंडाशी गाळ अडवायला छोटं चेंबर केलं. आमच्याकडची काळी माती पाणी पीत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं. ज्यांना फरशी परवडत नाही, त्यांनी नुसती खडी पसरून मध्ये नाली ठेवली तरी चालेल. फक्त उतार चुकवू नका. तो नीट दिला तर वेगळे पैसे लागत नाहीत, चुकला तर फार लागतात.

चेंबरचा गाळ दर महिन्याला मी स्वतः काढतो. पहिल्यांदा हात घातला तेव्हा दादीची ती वरून टाकलेली भाकरी आठवली, आणि बराच वेळ मी तसाच बसून राहिलो.

गेल्या पावसाळ्यात वहिनी गच्चीवरून म्हणाल्या, "भाईसाहेब, यंदा भिंत कोरडी आहे हो." इतके मुशायरे, इतकी कविसंमेलनं झाली, पण अशी दाद क्वचितच मिळाली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)