गर्जणाऱ्या धोंड्याची कुळकथा

दोराच्या आधाराविना धोंड्यांवर चढण्याच्या ज्या खेळाला आज सर्वत्र बोल्डरिंग म्हणतात, त्याचा रूढ इतिहास थोडक्यात आटोपतो: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज इंजिनिअराने वेल्समधील धोंड्यांवर त्याचा अभ्यास केला, पॅरिसनजीकच्या फोंतेनब्लोच्या अरण्यात फ्रेंच गिर्यारोहकांनी त्याला वळण लावले, आणि १९५० च्या दशकात जॉन गिल या अमेरिकन गिर्यारोहकाने जिम्नॅस्टांची मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड हातांना फासून त्याला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. माझे चित्त मात्र खेळापेक्षा त्याच्या नावात गुंतले, आणि त्याला निमित्त झाले एक नॉर्वेजियन क्रियापद.

नॉर्वेत या खेळाला ‘बुल्द्रिंग’ म्हणतात. इंग्रजी शब्दाचा तो स्थानिक अवतार असावा, अशी माझी समजूत होती. परंतु ‘बुल्द्रे’ या क्रियापदाचा धोंड्यावर चढणे हा अर्थ अगदी अर्वाचीन असून, घुमणे, गडगडणे हा त्याचा मूळचा अर्थ आहे, हे कळले तेव्हा मी थबकलो. इ. स. १३०० च्या सुमाराच्या इंग्रजीत ‘बुल्दर-स्तोन’ असा सामासिक शब्द आढळतो, आणि स्वीडिश बोलीतील ‘बुल्लेरस्तेन’ हा त्याचा सख्खा भाऊबंद. ‘बुल्लेर’ म्हणजे गलका, ‘स्तेन’ म्हणजे पाषाण. ओढ्याच्या पात्रात ठाण मांडून बसलेला आणि ज्यावर आपटून पाणी गर्जते असा धोंडा, तो बुल्लेरस्तेन. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या व्हायकिंगांबरोबर हा शब्द समुद्रापार गेला असावा, आणि शतकांनंतर खेळाचे नाव होऊन माहेरी परतला, तो नेमका आपल्याच जुन्या क्रियापदाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

या वतनावर दुसराही एक दावेदार आहे. काही व्युत्पत्तिकारांच्या मते शब्दाचे मूळ फुगणे, वाटोळे होणे या अर्थाच्या धातूत असून, बोल्डर म्हणजे निव्वळ गोल दगड. हा दावा दुबळा नाही. भूशास्त्रज्ञही २५६ मिलिमीटरांहून मोठ्या दगडालाच बोल्डर म्हणतात, आणि असे दगड बहुधा घासून वाटोळेच झालेले असतात. परंतु ओढ्यात गोल दगड पैशाला पासरी. त्यांतल्या एखाद्याला वेगळे नाव देण्याची गरज कोणाला पडावी? उलट, अंधारात उतार शोधणाऱ्या वाटसरूला गर्जणारा धोंडा ही हुकमी खूण होती. आणि माझ्या मते नाव अशाच कानांनी ठेवले.

मराठी भाषेची साक्ष येथे मोलाची ठरते. ढग गडगडतात आणि कड्यावरचा धोंडाही गडगडत खाली येतो. एकाच क्रियापदात आपण नाद आणि घरंगळणे दोन्ही साठवले, आणि धबधब्याला तर त्याच्या आवाजावरूनच नाव दिले. जे पाणी धोंड्याला गोल करते तेच त्याच्यावर गर्जते, हे ध्यानी घेतले तर दोन दाव्यांतील तंटा बराचसा मिटतो. तरी निवाडा मी नादाच्याच बाजूने देईन.

नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतातल्या र्‍युकानच्या रानझाडीच्या घळीत या निवाड्याला एक हिवाळी पुरवणी मिळते. तेथील १०४ मीटर उंचीच्या प्रपाताचे नाव डोळ्यांनी ठेवलेले, म्हणजे धुमसणारा. परंतु १९११ साली व्हेमोर्कचे वीजकेंद्र सुरू झाले, प्रपाताची मोना नदी नळांत शिरली आणि घळीचा घोष मंदावला. आता कड्यांतून पाझरणारे पाणी हिवाळ्यात गोठून शुभ्र स्तंभ उभे राहतात, आणि दोन्ही हातांत बर्फकुऱ्हाडी घेऊन, बुटांना क्रॅम्पॉनचे काटे बांधून आरोहक त्यांवर चढतात. कुऱ्हाड मारल्यावर धप्प असा भरीव आवाज आला तर त्या बर्फावर भार टाकावा. ढोलासारखा पोकळ आला तर पात्याची जागा बदलावी. वाहत्या पाण्यातला धोंडा ज्या कानांनी ओळखला आणि नावारूपाला आणला, त्याच कानांवर गोठलेल्या पाण्यावर चढणारा आजही आपला जीव सोपवतो.