बारीक टायपातला गिटारवादक

अलाबामा राज्यातल्या शेफील्ड गावी, ३६१४ जॅक्सन हायवे या पत्त्यावरच्या बैठ्या स्टुडिओत १९६९ साली बॉझ स्कॅग्ज या गायकाच्या एलपीचं ध्वनिमुद्रण झालं. त्यात गिटार वाजवणाऱ्यांमध्ये ड्युएन ऑलमन होता आणि एडी हिंटनही. ऑलमन १९७१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला, पण तोवर ऑलमन ब्रदर्स बँडमुळे त्याचं नाव अमेरिकाभर झालं होतं. हिंटन रेकॉर्डच्या कव्हरमागच्या बारीक टायपातच राहिला.

शेफील्ड हे टेनेसी नदीकाठच्या मसल शोल्स परिसरातलं एक छोटं गाव. इथल्या रिक हॉलच्या ‘फेम’ स्टुडिओत साठच्या दशकात विल्सन पिकेट, अरीथा फ्रँकलिन यांच्यासारखे कृष्णवर्णीय गायक येत आणि त्यांच्या साथीला बहुतेक गोरी, स्थानिक मुलं असत. १९६९ मध्ये त्यांतल्याच चौघांनी फेम सोडून जॅक्सन हायवेवर स्वतःचा स्टुडिओ थाटला. हिंटन तिथे मुख्य गिटार वाजवू लागला. तो वाढला अलाबामातल्याच टस्कलूसा शहरात. तिथल्याच विद्यापीठाच्या दारात, दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवायला १९६३ साली राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः उभा राहिला होता. अशा शहरातला हा गोरा मुलगा ‘सोल’ या कृष्णवर्णीयांच्या संगीतशैलीतला गायक ओटिस रेडिंग याचं गाणं रक्तात भिनवून बसला होता.

हिंटनची गिटार गाण्यावर कुरघोडी करत नाही. गायकाची ओळ संपली की मोजके सूर येतात आणि पुढच्या ओळीसाठी जागा मोकळी करतात. गीतकार म्हणूनही तो मोठा होता. डॉनी फ्रिट्ससोबत त्याने लिहिलेलं ‘ब्रेकफस्ट इन बेड’ हे गाणं ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डने १९६९ च्या ‘डस्टी इन मेम्फिस’ या एलपीत गायलं. १९८८ मध्ये यूबी४० हा बँड आणि गायिका क्रिसी हाइंड यांनी ते नव्याने गाऊन ब्रिटनभर गाजवलं. गाणं घरोघरी पोचलं, पण गीतकाराचं नाव कुणाला ठाऊक झालं नाही.

त्याची स्वतःची पहिली एलपी निघाली ती १९७८ मध्ये: ‘व्हेरी एक्स्ट्रीमली डेंजरस’. तिचा निर्माता बॅरी बेकेट हा जॅक्सन हायवेच्या त्या चौघांपैकी एक, आणि कंपनी जॉर्जियातल्या मेकन गावची ‘कॅप्रिकॉर्न’. ओटिस रेडिंगचा व्यवस्थापक फिल वॉल्डन हा तिच्या संस्थापकांपैकी एक आणि ऑलमन ब्रदर्सचा बँड याच कंपनीचा. अमेरिकेच्या दक्षिणेतला सोल आणि रॉक जिथे एकत्र नांदले, अशा घराण्यात हिंटनला अखेर जागा मिळाली.

आणि १९७९ मध्ये कॅप्रिकॉर्नचं दिवाळं वाजलं.

दाक्षिणात्य सोल-रॉकच्या कितीतरी एलपी अशाच दुर्मीळ झाल्या. कंपनी बुडाली की जाहिरात थांबते, नव्या प्रती निघत नाहीत आणि मूळ टेप कुणाच्या मालकीच्या यावर कायद्याचा घोळ होतो. त्या काळी न खपलेल्या एलपींच्या कव्हरचा कोपरा कापून त्या स्वस्तात काढून टाकायची अमेरिकेत पद्धत होती. आज संग्राहक ज्या एलपींसाठी जीव टाकतात, त्यांतल्या पुष्कळ अशा कोपरा कापलेल्या ढिगांतूनच वाचल्या. त्या विकल्या गेल्या नाहीत त्याला कारण बाजार होता; संगीत कमअस्सल नव्हतं.

मानसिक आजार आणि दारू यांनी हिंटनचं पुढचं आयुष्य पोखरलं. अलाबामातल्याच डिकेटर गावी तो बेघर अवस्थेत जॉन वायकर या जुन्या संगीतकार मित्राला दिसला. वायकरने पुढाकार घेतला, ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू झालं आणि ‘लेटर्स फ्रॉम मिसिसिपी’ ही एलपी १९८० च्या दशकात एका स्वीडिश कंपनीने काढली. घरच्या बाजाराने पाठ फिरवलेल्या या गिटारवादकाला युरोपातल्या सोलवेड्या श्रोत्यांनी उचलून धरलं. १९९५ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी हिंटन गेला.

त्याच्या संगीताचा शोध मात्र थांबला नाही. त्याने गाणी रचताना करून ठेवलेली कच्ची ध्वनिमुद्रणं ‘झेन’ या छोट्या ब्रिटिश कंपनीने २००० पासून सीडींवर आणली. ‘व्हेरी एक्स्ट्रीमली डेंजरस’ही पुन्हा बाजारात आली. २०११ मध्ये ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या दाक्षिणात्य रॉक बँडने आपल्या ‘गो-गो बूट्स’ अल्बममध्ये हिंटनची दोन गाणी घेतली. बँडचा गायक पॅटरसन हूड हा जॅक्सन हायवेच्या चौघांतल्या बासवादक डेव्हिड हूडचा मुलगा. वडिलांच्या साथीदाराचं नाव त्याने अशा रॉकप्रेमींपर्यंत पोचवलं, ज्यांच्यातले कित्येक कॅप्रिकॉर्न बुडाली तेव्हा जन्मलेही नव्हते.