तपकिरी शाईची कुळकथा

१९व्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे युरोपीय कलेच्या इतिहासात ज्याला स्वच्छंदतावादी कालखंड म्हणतात त्या काळात, आई-वडील आणि मुले एकत्र बसली आहेत अशी कौटुंबिक रेखाचित्रे कागदावर हौसेने काढून घेतली जात. फ्रेंच चित्रकार आंग्र याने १८१८ मध्ये रोममध्ये काढलेले स्तामाती कुटुंबाचे प्रसिद्ध चित्र पेन्सिलीचे आहे. शाईच्या चित्राला मात्र निराळीच शिस्त लागे, कारण पिसाच्या लेखणीने ओढलेली रेघ सहजी पुसता येत नसे, आणि म्हणून बहुधा आधी पेन्सिलीची फिकट मांडणी, मग शाईची रेघ आणि शेवटी कुंचल्याने पातळ शाईचा हात, म्हणजेच वॉश, असा क्रम पाळला जाई.

अशी चित्रे आज बहुतेक तपकिरी दिसतात आणि तो रंग चित्रकारानेच निवडला असावा असे वाटते. पण हा तर्क अनेकदा चुकतो. सर्वांत रुळलेली शाई मायफळांची होती. ओकच्या फांदीवर कीटकाने अंडी घातली की जी गाठ धरते, ते मायफळ. त्याच्या तुरट अर्कात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, आणि डिंक मिसळत. ही शाई ओली असताना फिकट असे, हवा लागताच निळसर काळी होई आणि काळाच्या ओघात तपकिरी पडे. म्हणजे अशा चित्रातील वडिलांचा जो कोट आज तपकिरी भासतो, तो काढला तेव्हा काळाच असण्याची शक्यता मोठी. याच शाईतील आम्ल कागदही खाते, त्यामुळे रेघा जेथे दाट, तेथे तो ठिसूळ होऊन तडकतो. हा तिचा दोष खरोखर दुःखद आहे.

मुळातच तपकिरी असलेल्या प्रमुख शाया दोन. बिस्त्र ही बीच लाकडाच्या धुराड्यातील काजळीपासून बनत असे. सेपिया माकलीच्या शाईच्या पिशवीतून निघते. चित्रकलेसाठी सेपिया शुद्ध करून तिचा प्रसार करण्याचे श्रेय १८व्या शतकाच्या अखेरीस ड्रेस्डेनच्या याकोब झायडेलमान याला दिले जाते. त्याच शहरात राहणाऱ्या जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशला १८०५ मध्ये कवी ग्योटेच्या पुढाकाराने चालणाऱ्या वायमारच्या स्पर्धेत सेपिया चित्रांसाठीच पारितोषिक मिळाले आणि बिस्त्र हळूहळू मागे पडली. डोळ्यांना या शाया सारख्याच भासतात, परंतु अवरक्त प्रकाशात मायफळाची शाई फिकी पडत जाते आणि शुद्ध काजळापासून केलेली कार्बन शाई काळीच राहते, म्हणून संग्रहालयांत चित्राची शाई ओळखताना ही तपासणी उपयोगी पडते.